अर्ध्या दिवसाचा पगार: दोन महायुद्धांत चाललेलं क्षयरोग्यांचं गाव

सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि पहिल्या काही दिवसांतच इंग्लंडभरच्या क्षयरोग रुग्णालयांत खाटा रिकाम्या करण्याची धांदल उडाली. शहरांवर बॉम्ब पडणार, जखमींचे लोंढे येणार, त्यांना जागा हवी, असा सरकारी हिशेब होता. हजारो क्षयरोग्यांना सामान बांधायला लावून घरी पाठवलं गेलं. त्यांतल्या कित्येकांच्या थुंकीत अजून जंतू होते आणि घर म्हणजे अनेकांच्या बाबतीत एक-दोन खोल्या, त्यातच बायको-मुलं. पुढे झालं असं, की जखमींचे ते लोंढे त्या हिवाळ्यात आलेच नाहीत. खाटा महिनोन्‌महिने रिकाम्या पडून राहिल्या.

केंब्रिजच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर पॅपवर्थ एव्हरार्ड नावाचं खेडं आहे. तिथे कॉटेजमध्ये राहणाऱ्या क्षयरोग्यांना 'घरी जा' असं सांगायची सोयच नव्हती. ते घरीच होते. त्यांचं रुग्णालय, कारखाना, भाड्याचं घर, परसातला भाजीचा वाफा आणि मुलांची शाळा, सगळं एकाच गावात होतं. एका युद्धात जन्मलेली ही वसाहत दुसऱ्या युद्धाच्या तोंडावर तेवीस वर्षांची झाली होती.

युद्ध चालू असताना क्षयरोग्यांची वसाहत चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घ्यायला पॅपवर्थइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. पण त्याआधी या रोगाचं आणि युद्धाचं नातं बघायला हवं.

राखेखालचा निखारा

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये जगासमोर ठेवला. हा जंतू श्वासातून आत गेला म्हणजे माणूस आजारी पडलाच, असं होत नाही. बहुतेकांच्या शरीरात तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा पडून राहतो. ज्यांच्या अंगात तो शिरलेला असतो अशा दहा जणांपैकी आयुष्यभरात जेमतेम एकाला प्रत्यक्ष रोग होतो. प्रश्न असतो तो राख कशाने उडते याचा. पोटाला कमी पडणं, झोपेशिवाय राबणं, दाटीवाटीत झोपणं, दुसऱ्या आजाराने खंगणं, ही त्याची नेहमीची कारणं. युद्ध ही सगळी कारणं एकाच वेळी दारात आणून उभी करतं.

म्हणूनच पहिल्या महायुद्धात क्षयाचे मृत्यू फक्त खंदकांत वाढले नाहीत. इंग्लंडमध्ये ते कारखान्यांत गेलेल्या तरुण स्त्रियांत वाढले, मनोरुग्णालयांत तर भयंकर वाढले, कारण तिथल्या लोकांच्या ताटातलं अन्न सर्वांत आधी कमी झालं. जर्मनीत नाकेबंदीमुळे १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी सलगमवर काढला, आणि क्षयाचा आलेख सरळ वर गेला.

या सगळ्यात डेन्मार्कची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. डेन्मार्क युद्धात नव्हता. त्याच्या भूमीवर गोळी सुटली नाही. पण दोन्ही बाजूंना लोणी-मांस हवं होतं, भाव चढे होते, आणि डॅनिश शेतकरी-व्यापाऱ्यांनी माल बाहेर विकला. घरच्या बाजारात तो महागला. १९१७ पर्यंत तटस्थ डेन्मार्कमध्येही क्षयाचे मृत्यू वाढत गेले, जणू तोही लढतच होता. मग जर्मनीने पाणबुड्यांचं अनिर्बंध युद्ध सुरू केलं, निर्यात अडली, लोणी-मांस घरीच राहिलं, आणि १९१८ मध्ये, बाकीचा युरोप खोकत असताना, डेन्मार्कमधले क्षयाचे मृत्यू खाली आले. औषध एकही नव्हतं. बदललं होतं ते ताट.

औषध नसताना उपचार कसला?

क्षयावर काम करणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती लागलं १९४३ मध्ये आणि सर्वसामान्य रुग्णापर्यंत पोचायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे पॅपवर्थने दोन्ही महायुद्धं औषधाविना काढली. त्या काळी उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, भरपूर दूध-अंडी, आणि पुढेपुढे फुप्फुसाला सक्तीची विश्रांती: सुईने छातीच्या पोकळीत हवा भरून बाधित फुप्फुस दाबून ठेवायचं, म्हणजे ते हलणार नाही आणि जखम भरायला वाव मिळेल. ही हवा शरीरात हळूहळू जिरते, म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा भरावी लागते. असं वर्षं दोन वर्षं किंवा त्याहून अधिक चालायचं. १९३९ मध्ये घरी पाठवलेल्या माणसाला ही हवा पुन्हा कोण, कुठे भरणार होतं, याचा विचार करून बघा.

आपल्याकडे 'हवापालट' म्हणत पाचगणीला किंवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीला जायचे ते याच विचाराने. ज्याला परवडायचं तो जायचा. न परवडणाऱ्याचं काय, हा प्रश्न सगळीकडे सारखाच होता.

ब्रिटनने १९११ च्या विमा कायद्यात कामगारांसाठी सॅनेटोरियमचा, म्हणजे मोकळ्या हवेतल्या क्षयरोग रुग्णालयाचा, खर्च घातला. चांगलीच गोष्ट होती. पण तिला तळाला भोक होतं. कामगार तीन-चार महिने डोंगराच्या किंवा पाइनच्या झाडांच्या हवेत राहायचा, वजन चढायचं, गाल भरायचे, कागदावर 'सुधारणा' असा शेरा पडायचा. मग तो त्याच कोंदट खोलीत, त्याच आठ-दहा तासांच्या कामावर परत. कधी तर तेही नाही, कारण क्षयरोग्याला कामावर ठेवणार कोण? वर्षा-दोन वर्षांत तो पुन्हा दारात, या वेळी आधीपेक्षा खालावलेला.

केंब्रिजशायर परगण्यात क्षयरोग अधिकारी म्हणून काम करणारा पेंड्रिल व्हॅरिअर-जोन्स नावाचा तिशीतला वेल्श डॉक्टर हे रोज बघत होता. त्याने प्रश्न उलटा मांडला. बरा झालेला क्षयरोगी हा धडधाकट माणूस नसतो, ताकद कायमची कमी झालेला माणूस असतो. त्याला जुन्या जगात परत ढकलण्यापेक्षा त्याच्या ताकदीला झेपेल असं जगच त्याच्याभोवती का बांधू नये? आणि तेही त्याच्या एकट्याभोवती नव्हे. बायको-मुलांना वाऱ्यावर सोडून आलेला माणूस खाटेवर पडून बरा होत नाही, घरी पैसे कोण देत असेल याच विचाराने अर्धा होतो.

बोर्नच्या झोपड्यांपासून दिवाळखोराच्या वाड्यापर्यंत

१९१६ मध्ये, सॉमच्या लढाईच्या वर्षी, केंब्रिजजवळच्या बोर्न या खेड्यात मोजक्या रुग्णांसह काम सुरू झालं. केंब्रिज विद्यापीठातले दोन वजनदार वैद्यकीय प्राध्यापक, सिम्स वुडहेड आणि क्लिफर्ड ऑलबट, पाठीशी होते. जागा लवकरच अपुरी पडली. १९१८ मध्ये वसाहत पॅपवर्थ हॉल या मोठ्या वाड्यात हलली.

या वाड्याचा इतिहास मजेशीर आहे. तो एकेकाळी अर्नेस्ट टेरा हूली या वित्तबहाद्दराचा होता. याने १८९६ मध्ये डनलॉप टायर कंपनी तीस लाख पौंडांना घेऊन पन्नास लाखांना लोकांच्या गळ्यात मारली आणि दोनच वर्षांत स्वतः दिवाळखोर झाला. पुढे तुरुंगाची हवाही खाल्ली. अशा माणसाच्या दिवाणखान्यात आता खोकणाऱ्या कामगारांच्या खाटा लागल्या.

वाड्याच्या आवारात लाकडी झोपड्या होत्या, एका बाजूने उघड्या. रुग्ण त्यांत हिवाळ्यातही झोपायचे. वसाहतीची रचना पायऱ्यांची होती. आधी रुग्णालयातली खाट. ताप उतरला, की झोपडी आणि दिवसातून थोडं काम. प्रकृती टिकली, की एकट्यासाठी वसतिगृह. आणि ज्याला जमेल त्याला गावातली कॉटेज, कुटुंबासकट. मागची पायरीही उघडी होती. कॉटेजमधल्या माणसाला पुन्हा ताप आला, तर तो शंभर पावलांवरच्या खाटेवर यायचा, बायको-मुलं तिथेच राहायची, भाड्याचं घर जायचं नाही. माझ्या मते सगळ्या योजनेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

कामं कोणती? सुतारकाम, फर्निचर, जोडे दुरुस्ती, कोंबड्या-डुकरं पाळणं, बागकाम, पुढे छपाई आणि चामड्याच्या ट्रंका-बॅगा. दयेपोटी विकल्या जाणाऱ्या टोपल्या विणायच्या नाहीत, यावर व्हॅरिअर-जोन्सचा कटाक्ष होता. ट्रंक विकली जायची ती चांगली ट्रंक म्हणून, रोग्याने केलेली म्हणून नव्हे. मराठी वाचकाला इथे वरोऱ्याचं आनंदवन आठवल्याशिवाय राहणार नाही. रोग वेगळा, काळ वेगळा, पण भिकेची पावती नाकारण्याची जिद्द तीच.

फावडं आणि पगार

इथे एक बारीक फरक समजून घ्यायला हवा, कारण तो कळला नाही तर पॅपवर्थ म्हणजे 'रुग्णांकडून काम करून घेणारं रुग्णालय' एवढंच वाटेल.

रुग्णांना काम देण्याची कल्पना आधीचीच. सरे परगण्यातल्या फ्रिमली सॅनेटोरियममध्ये मार्कस पॅटरसन हा डॉक्टर १९०५ पासून रुग्णांकडून चढत्या भाजणीने काम करवून घ्यायचा. आधी चालणं, मग मातीच्या टोपल्या, मग लहान फावडं, मग मोठं फावडं, शेवटी कुदळ. त्याच्या मते श्रमामुळे जंतूंची विषं थोडी थोडी रक्तात येतात आणि शरीर त्यांच्याशी लढायला शिकतं. म्हणजे तिथे श्रम हेच औषध होतं. औषधाला पगार कुठला?

पॅपवर्थमध्ये काम हे काम होतं. माणूस तीन तास काम करील तर तीन तासांचा पगार, आणि तो कामगार संघटनांनी ठरवलेल्या दराने. डॉक्टरने सांगितलेल्या तासांपेक्षा जास्त काम करता यायचं नाही. बाहेरचा मालक अशा माणसाला ठेवणार नाही, कारण अर्धा दिवस रिकामं पडणारं मेज, अर्धा दिवस बंद राहणारं यंत्र आणि मधूनच महिनाभर गैरहजर राहणारा कारागीर त्याला परवडत नाही. वसाहतीला ते परवडायचं, कारण तिथले सगळेच अर्ध्या दिवसाचे होते आणि सगळं वेळापत्रक त्यावरच बसवलेलं होतं. जी तूट यायची, ती देणग्यांतून आणि रुग्णांमागे स्थानिक संस्था देत असलेल्या पैशांतून भरायची. उपचाराचा खर्च हा समाजाचा, पगार मात्र मालाच्या विक्रीतून, अशी दोन खाती व्हॅरिअर-जोन्सने मनात पक्की वेगळी ठेवली होती.

आता युद्धाने यात काय केलं ते बघू. १९१४ मध्ये सैन्यभरती घाईत झाली, छाती नीट न तपासता हजारो तरुण आत घेतले गेले. त्यांतल्या अनेकांच्या राखेखाली निखारा होताच. खंदकात तो फुलला आणि ते खोकत परत आले. मग वाद सुरू झाला: हा रोग सैन्यात लागला, की आधीच होता आणि सैन्यात बळावला? या दोन शब्दांवर पेन्शन अवलंबून असायचं. पण एकदा पेन्शन मंजूर झालं, की त्या माणसाच्या उपचाराची आणि प्रशिक्षणाची जबाबदारी १९१६ च्या अखेरीस स्थापन झालेल्या पेन्शन मंत्रालयावर यायची. अशा रुग्णांमागे वसाहतीला सरकारकडून खात्रीचा पैसा मिळू लागला. देणगीदारांच्याही थैल्या सुटल्या. छापखान्यातल्या खोकणाऱ्या कामगारासाठी जो खिशात हात घालत नव्हता, तोच माणूस खाकी कपड्यातल्या त्याच खोकल्यासाठी चेक फाडू लागला. पॅपवर्थचा पाया या दुटप्पीपणावर उभा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. व्हॅरिअर-जोन्सने तो पैसा घेतला आणि त्यातून जे उभं केलं, ते नागरिकांनाही खुलं ठेवलं.

दुसऱ्यांदा युद्ध

दुसऱ्या महायुद्धात गणित उलटं फिरलं. आता पैशापेक्षा माणसं आणि सामान यांचा तुटवडा होता.

वसाहतीला काय काय लागतं ते एकेक बघा. दूध-अंडी-लोणी हवं, तर देशभर रेशनिंग. क्षयरोग्यांना दुधात अग्रक्रम होता, आणि स्वतःच्या कोंबड्या, डुकरं, भाजीचे वाफे असलेल्या गावाला त्यांचं मोल तेव्हा कळलं असणार. नर्स हव्यात, तर त्या सैन्याच्या रुग्णालयांत गेलेल्या. देशभरच्या सॅनेटोरियममध्ये पुढे अशी वेळ आली, की खाटा आहेत पण नर्स नाहीत म्हणून त्या बंद ठेवायच्या. कारखान्याला लाकूड आणि चामडं हवं, तर दोन्हींवर सरकारी नियंत्रण. १९४२ नंतर तर फर्निचर ठरावीक नमुन्याचंच आणि परवाना असलेल्यानेच करायचं, असा नियम आला. प्रवासी ट्रंका विकायच्या कोणाला, जेव्हा प्रवासच थांबलेला? मोकळी हवा हवी, तर रात्री प्रकाश बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांवर जाड काळे पडदे. कारखाने आणि घरं रात्रभर कोंडलेली. जंतूला याहून चांगलं काय हवं?

शिवाय आणखी एक अडचण होती आणि ती बाहेरून दिसत नाही. बेकारीच्या काळात वसाहतीतला कामगार जागा सोडत नव्हता, कारण बाहेर काम नव्हतं. युद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांना हात हवे होते, पगार चांगले होते, आणि छाती कोणी फार तपासत नव्हतं. देशभरात अर्धवट बरी झालेली माणसं पूर्ण पाळीच्या कामावर गेली. मला वाटतं, अशा वेळी वसाहत चालवणाऱ्याची खरी परीक्षा औषधपाण्याची नसून मन वळवण्याची असते. बाहेर दुप्पट पगार मिळत असताना 'तुला चार तासच काम करता येईल' हे तरुण माणसाला पटवायचं कसं?

व्हॅरिअर-जोन्सने हे सगळं फार काळ बघितलं नाही. १९३१ मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला होता. जानेवारी १९४१ मध्ये तो वारला. एका माणसाच्या हुकमावर चाललेली संस्था तो माणूस गेल्यावर, तेही ऐन युद्धात, कोलमडते असा आपला नेहमीचा अनुभव. पॅपवर्थ कोलमडलं नाही. त्याच वर्षी बोर्नला, जिथे पहिल्या युद्धात पहिल्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या, बॉम्बफेकी विमानांसाठी धावपट्टी सुरू झाली. उघड्या झोपडीत झोपणाऱ्या रुग्णांच्या डोक्यावरून रात्री विमानांचा आवाज जात असणार.

१९४० आणि १९४१ मध्ये इंग्लंडमधले क्षयाचे मृत्यू वाढले. शांततेच्या शेवटच्या वर्षांतसुद्धा इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास माणसं या रोगाने जात होती. ती संख्या खाली येता येता पुन्हा वर चढली. सरकार हादरलं, कारण मरणारे नेमके कामाच्या वयाचे होते. १९४३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. छोट्या फिल्मवर भराभर छातीचे फोटो काढणारी फिरती एक्स-रे यंत्रं कारखान्यांत जाऊ लागली. आणि २६६/टी या रुक्ष क्रमांकाचं एक परिपत्रक निघालं, ज्यात उपचार घेणाऱ्या क्षयरोग्याच्या कुटुंबाला भत्ता देण्याची सोय होती.

दुसरी गोष्ट पहिलीशी जोडलेली आहे. एक्स-रेमध्ये डाग दिसला तर काम सोडावं लागणार, घरचं भाडं थकणार, हे माहीत असलेला माणूस यंत्रासमोर उभाच राहत नाही. रोग लवकर शोधायचा असेल, तर आधी भाड्याची हमी द्यावी लागते. विसाहून अधिक वर्षं पॅपवर्थ जे करत होतं, ते लंडनच्या मंत्रालयाला आता पटलं होतं. पण अर्धंच. भत्ता फक्त त्यांना होता ज्यांच्या फुप्फुसाचा रोग बरा होऊन ते कामावर परतण्याची शक्यता होती. जुनाट रोग असलेला, वर्षानुवर्षं खोकत घरात जंतू पसरवणारा माणूस यातून वगळला गेला. युद्धाला हात हवे होते. ज्याचे हात युद्धाच्या उपयोगाचे नव्हते त्याला पैसे नाहीत, इतका तो साधा हिशेब होता.

मुलं आजारी का पडली नाहीत?

पॅपवर्थचा सर्वांत गाजलेला दावा मुलांबद्दलचा. गावात जन्मलेली मुलं थुंकीत जंतू असलेल्या बापाबरोबर एकाच घरात वाढत होती, तरी त्यांच्यात गंभीर क्षय जवळजवळ दिसत नव्हता. त्या काळी अनेकांना हे अशक्य वाटायचं. क्षयरोग्याचं मूल आजी-आजोबांकडे नाहीतर अनाथालयात पाठवावं, असाच सल्ला दिला जायचा.

याची पद्धतशीर तपासणी केली एर्न्स्ट ब्रीगर यांनी. हे ब्रेस्लाऊचे ज्यू डॉक्टर, नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले, आणि पॅपवर्थमध्ये स्थिरावलेले. त्यांचा पॅपवर्थच्या कुटुंबांचा पंचवीस वर्षांचा अभ्यास १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच प्रसिद्ध झाला. मुलांना जंतूचा संसर्ग होत होता, त्वचेच्या चाचणीत तो दिसतही होता. पण संसर्गाचा रोग होत नव्हता. बापाला खोकताना काळजी घ्यायला शिकवलेलं, घरात हवा खेळती, मुलाला वेगळी झोपायची जागा, पोटभर खाणं, आणि घरात दर आठवड्याला येणारा पगार. राख उडत नव्हती, एवढंच.

याच्या पुढच्याच वर्षी युद्ध संपलं तेव्हा याच गोष्टीचा दुसरा, क्रूर पुरावा समोर आला. जर्मनीत कैदेत असलेल्या ब्रिटिश सैनिकांना रेड क्रॉसची खाण्याची पार्सलं मिळत होती. त्याच छावण्यांत रशियन कैदी होते, त्यांना ती मिळत नव्हती. छातीचे एक्स-रे काढले तेव्हा ब्रिटिशांत क्षयाचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास निघालं आणि रशियनांत पंधरा ते एकोणीस टक्के. अर्थात रशियन कैद्यांचे हाल बाकी सगळ्याच बाबतींत अधिक होते, तरी आकड्यांतला फरक डोळ्यांत भरतो.

पॅपवर्थवर टीकाही झाली आणि ती खोटी नाही. आत कोणाला घ्यायचं हे डॉक्टर ठरवायचे, तेव्हा सुधारण्याची आशा असलेलेच जास्त निवडले जायचे. मग निकाल चांगले येणारच. कारभार एकहाती होता. आणि देशात लाखभर रुग्ण असताना एका गावात काहीशे माणसं बसवून काय साधलं, हा प्रश्न तर रास्तच. पॅपवर्थसारखी गावं ब्रिटनमध्ये मोजकीच उभी राहिली.

गोळ्या आल्या, गाव ओसरलं

युद्धानंतरच्या ब्रिटनकडे अमेरिकन स्ट्रेप्टोमायसिन विकत घ्यायला डॉलर नव्हते. जेवढं मिळालं तेवढं कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं, आणि त्यातूनच औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांची १९४८ ची ती प्रसिद्ध तुलनात्मक चाचणी उभी राहिली. पाठोपाठ आणखी औषधं आली. मग सॅनेटोरियमच्या मुळावर शेवटचा घाव बसला तो मद्रासमध्ये. १९५६ ते १९५९ या काळात तिथे १९३ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्मे सॅनेटोरियममध्ये, चांगल्या खाण्यासकट; निम्मे शहराच्या गरीब वस्त्यांतल्या आपल्या घरी, बेताच्या खाण्यावर. गोळ्या दोघांना त्याच. वर्षभराने निकाल जवळजवळ सारखे. घरच्यांना संसर्गही जास्त झाला नाही. खाट, पाइनची झाडं, मोकळी हवा, सगळं एका फटक्यात ऐच्छिक ठरलं.

पॅपवर्थचं रुग्णालय मग छाती आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांकडे वळलं. १९७९ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण तिथेच झालं, आणि २०१९ मध्ये रुग्णालय केंब्रिज शहरात हललं.

गोळ्यांनी युद्धातली अडचणही बदलली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला तेव्हा तिथे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. डॉक्टरांनी अनेकांना जास्त दिवस पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर दिल्या, आणि गोळी घेतली की नाही हे फोनच्या व्हिडिओवर बघितलं. रुग्ण सीमा ओलांडून गेला तरी उपचार खिशातून जाऊ शकत होता. पॅपवर्थची कॉटेज अशी खिशात घालून नेता आली नसती.

मद्रासच्या अभ्यासानंतर खाण्याचा मुद्दा कित्येक वर्षं मागे पडला. रुग्ण बरा व्हायला गोळ्या पुरतात, हे खरंच होतं. पण ब्रीगर यांचा प्रश्न रुग्णाबद्दलचा नव्हता, त्याच्या घरातल्या इतरांबद्दलचा होता: त्यांना रोग का झाला नाही? तो प्रश्न भारतात पुन्हा विचारला गेला तो झारखंडमध्ये. २०१९ ते २०२२ या काळात २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतल्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला. रुग्णाला सगळीकडे शिधा दिला. काही घरांत घरच्या इतरांनाही दिला, काही घरांत दिला नाही. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. जिथे घरच्यांनाही शिधा मिळाला, तिथे त्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं, आणि संसर्गजन्य प्रकाराचा क्षय ४८ टक्क्यांनी. घरच्यांचा शिधा होता मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या.